कापसाच्या खोलीतला निळा माल

"देवानं असा मालच बनवला नाही, ज्याले एक ना एक दिवस भाव येत नाही," असं नथ्थूनानांनी उजवा हात वर करून सांगितलं, आणि त्याच क्षणी डावा पाय पुठ्ठ्याच्या खोक्यात गेल्याने ते कापसाच्या ढिगात कमरेपर्यंत बुडाले.

जितेंद्रने आधी खोकं सोडवलं, मग वडिलांना. हा क्रम सुमनबाईंनी दारातून पाहिला.

"बापाले उचल आधी," त्या म्हणाल्या. "खोक्याले काही लागलं नाही."

"आत प्रोसेसर आहेत, माय."

"आन बाहेर बाप हाये."

नाना उठले, धोतराला चिकटलेला कापूस त्यांनी काढून परत ढिगावर ठेवला. एक बोंडभर कापूससुद्धा त्यांनी कधी वाया जाऊ दिला नव्हता. मग बापलेक पुन्हा कामाला लागले. काम असं होतं की शेवटच्या वेचणीचा कापूस आत यायचा होता आणि त्याला जागा करण्यासाठी जितेंद्रची खोकी भिंतीकडे सरकवायची होती. खोकी सरकली की कापूस घरंगळायचा. कापूस लोटला की खोकी दिसेनाशी व्हायची.

असोद्यातल्या त्या घराची मधली खोली दिवाळीनंतर कापसाची असे. भाव येईपर्यंत तिथे माणसाने झोपायचं नाही, पाहुण्याला बसवायचं नाही. कापसातले बारीक किडे घरभर होत, सगळ्यांच्या अंगाला खाज सुटे, सुमनबाई हातापायाला खोबरेल चोळत बसत. पण भाव आलेला नाही म्हटल्यावर खाजेची तक्रार करायला कोणी धजत नसे. भाव यायचाच नाही असं नव्हतं. यायचा. तो आला की नानांना वाटायचं, अजून येईल. मग तो जायचा. मग नाना अखजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, वाट पाहायचे, अखजी गेली की पेरणीची, आणि मृगाच्या तोंडावर बी-बियाणं घ्यायची वेळ आली की मिळेल त्या भावाला कापूस टेम्पोत चढायचा. हे इतकी वर्षं इतक्या नेमाने चाललं होतं की गावात कोणी "कापूस कधी विकायचा?" असं विचारलं तर लोक म्हणत, "नथ्थूनाना विकतील त्याच्या आधी कधीही."

हे पाहतच जितेंद्र मोठा झाला, आणि म्हणूनच त्याने एमसीए केलं. जिथे भाव आभाळावर नाही, तर ज्ञानावर ठरतो, असा धंदा त्याला करायचा होता. जळगावात बसस्थानकामागच्या संकुलात पहिल्या मजल्यावर त्याने कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. कॉम्प्युटर जोडून देणं हे त्याचं काम. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, आणि ते बनवणाऱ्या बाजारात सांगण्यासारख्या कंपन्या दोनच: एकीची खोकी निळी, दुसरीची लाल. जळगावचं गिऱ्हाईक कित्येक वर्षं निळंच मागत आलं होतं. कशाला निळं, हे त्याला माहीत नसे. बियाण्याचं ठरलेलं पाकीट मागावं तसं ते मागे. जितेंद्रही निळंच देई, आणि हळूहळू त्याला असं वाटू लागलं होतं की निळं आपणच बनवतो.

मग वितरकाच्या माणसाने एका जेवणात, भरीत वाढून घेता घेता, पुढे माल तुटणार असल्याची बातमी दिली. जितेंद्रने भरपूर निळा माल उचलला. माल तुटला नाही. उलट निळ्या कंपनीनेच पुढची पिढी बाजारात आणली, लाल कंपनीने तिच्याहून स्वस्त आणि वेगवान काढली, आणि जितेंद्रचा माल जिथे होता तिथेच एका पिढीने म्हातारा झाला. संकुलातल्या दुकानात तो मावेना. असोद्याच्या घरात मावला.

*

"लाल आहे का?" ज्योत्स्नाताईंनी विचारलं.

ज्योत्स्नाताई लग्नाचे अल्बम डिझाइन करत. जळगाव ते भुसावळ पट्ट्यातल्या निम्म्या नवऱ्या त्यांनी ढगांत उभ्या केल्या होत्या, आणि त्यांची आजवरची सगळी मशिनं जितेंद्रनेच जोडून दिली होती.

"निळं आहे," जितेंद्र म्हणाला. "तुमची सगळी निळीच आहेत. काही तक्रार आली का?"

"नाही हो. तक्रार कसली?"

"मग?"

"भाच्याने व्हिडिओ पाहिला."

"कोणाचा?"

"नाव नाही माहीत. केस लांब आहेत त्याचे. तो म्हणतो लाल."

जितेंद्रने कागद घेऊन त्यावर दोन्हींची तुलना मांडायला सुरुवात केली. ज्योत्स्नाताईंनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, चहा नको म्हटलं, आणि अल्बमचं काम अर्धवट टाकून आल्याचं सांगून त्या जिना उतरल्या.

शेजारच्या दुकानातून सुपडू हे पाहत होता. सुपडूच्या दुकानात एके काळी कॅसेट होत्या, मग सीड्या, मग पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून मिळत, आणि आता मोबाइलची कव्हरं होती. दर वेळी त्याने फक्त पाटी बदलली. रॅक तेच होते.

"गेली?" त्याने विचारलं.

"येईल. कुठे जाते."

"तुझ्या कागदाला घाबरून गेली रे ती. तिला लाल पाहिजे तर लाल दे ना."

"आणि घरी पडलेल्या मालाचं काय करू? शिवाय मला पटत नाही ते."

"पटायचं काय त्यात?" सुपडूला खरोखर आश्चर्य वाटलं. "मी एवढी वर्षं गाणी विकली. मला गाणं आवडतं असं तुला कोणी सांगितलं?"

जितेंद्र काचेवरचा ज्योत्स्नाताईंच्या हाताचा ठसा पुसत राहिला.

संक्रांतीला दुकानाचा भाडेकरार संपत होता. नवा करार करायचा तर अनामत भरायची होती, आणि ती अनामत असोद्याला कापसाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यांत होती. माल गेला तर दुकान राहणार होतं. नाही गेला तर धुळ्याचा रस्ता होता, आणि त्या रस्त्याच्या टोकाला प्रेमराज होता.

प्रेमराज म्हणजे जितेंद्रच्या बायकोचा, मोहिनीचा, धाकटा भाऊ. शिक्षण बारावी, तेही दुसऱ्या खेपेला. धुळ्यात त्याचं मोठं दुकान होतं, आणि त्याला निळं-लाल असा धर्म नव्हता. गिऱ्हाईक उंबऱ्यावर असतानाच तो म्हणे, "शे!", म्हणजे "आहे!", आणि मग काय पाहिजे ते विचारी. दिवाळीला बहिणीला ओवाळणी घालायला आला तेव्हा त्याने साधेपणाने सांगितलं होतं, "दाजी, तो माल पडेल भावात मले देई टाका, आन धुळाले या. दुरुस्तीना काउंटर तुम्ही सांभाळा. तुम्हना हात चांगला शे." त्यात टोमणा नव्हता. तो असता तर जितेंद्रला बरं वाटलं असतं.

"तो माझा भाऊ आहे म्हणून म्हणत नाही," मोहिनी नंतर म्हणाली होती, आणि पुढे काही म्हणालीच नव्हती.

*

अशात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला काही मंडळींनी यंत्रांना विचार करायला शिकवण्याचं मनावर घेतलं. त्यासाठी त्यांनी गावंच्या गावं मावतील एवढ्या इमारती बांधल्या, त्यात कॉम्प्युटर भरले, आणि जगात तयार होणारी मेमरी आपल्याकडे ओढून घेतली. नव्या कॉम्प्युटरला लागणारी मेमरी केशराच्या भावाने मिळू लागली. तेव्हा लोकांना आठवलं की मागच्या पिढीचे प्रोसेसर जुन्या, स्वस्त मेमरीवरही चालतात. यंत्रं विचार करायला लागली की नाही ठाऊक नाही, पण धुळ्याचा फोन आला.

"दाजी, तो निळा माल शे का आजून?"

"आहे."

"बठ्ठा?"

"सगळाच आहे. का?"

"आठे एक कॉलेजनी लॅब करानी शे. नवं परवडत नही त्यास्ले. जुनंच मांगी राह्यनात." प्रेमराजने भाव सांगितला. तो जितेंद्रच्या खरेदीच्या वर होता. त्यात करार होत होता, वर थोडं उरत होतं. "काय म्हणतस? उद्या टेम्पो धाडू?"

"विचार करून सांगतो," जितेंद्र म्हणाला. का म्हणाला, ते त्यालाही लगेच कळलं नाही.

घरी जेवताना त्याने ही बातमी सांगितली. मोहिनीने वाढता वाढता कळण्याची भाकरी हातातच धरली. सुमनबाईंनी देवाच्या दिशेने हात जोडले आणि जोडलेले हातच खाजवले.

"रोज चढतोय भाव," जितेंद्र म्हणाला. "आज हा आहे. आठ-पंधरा दिवसांत कुठे जाईल सांगता येत नाही."

नाना ठेचा कालवत होते. ते वर न बघता म्हणाले, "इकून टाक."

सगळे थांबले. या घरात, या तोंडून, हा शब्द डिसेंबरात कोणी ऐकला नव्हता.

"तुम्ही सांगताय हे?" जितेंद्र म्हणाला.

"मीच सांगतो. उद्या टेम्पो बोलाव."

"नाना, हा कापूस नाही. याचा अभ्यास करावा लागतो. हे बघा." त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक रेघ वर चढत गेली होती.

नानांनी हात पुसले, मोबाइल हातभर लांब धरला आणि बराच वेळ पाहिला.

"हे कापसाचं हाये?"

"नाही हो. मेमरीचं."

"मले तसंच दिसते," नाना म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

"दाजींनी— म्हणजे भाऊने भाव बरा दिलाय," मोहिनी म्हणाली. गडबडीत नाती उलटसुलट झाली तरी तिला काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं. "दुकान राहतंय ना त्यात? मग?"

"राहतंय. पण थोडं थांबलो तर शेजारचा गाळाही घेता येईल."

"कोन्ता गाळा?" सुमनबाईंनी विचारलं. "हे मधीच कुठून आलं?"

जितेंद्रचा आवाज चढला. "माय, तू तरी बोलू नको. आणि नाना, तुम्ही उभ्या जन्मात कधी पहिल्या भावाला कापूस विकलाय? एकदा तरी? मग मला कसं सांगता?"

नानांच्या बाहीला कापसाचा एक तंतू चिकटला होता. तो त्यांनी चिमटीत धरून काढला, उजेडात पाहिला, आणि उठून मधल्या खोलीत नेऊन ढिगावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी प्रेमराजचा फोन आला तेव्हा भाव आणखी चढलेला होता. जितेंद्रने त्याला थांबायला सांगितलं.

"मी थांबसू, दाजी. कॉलेजवाला थांबाव नही."

"थांबेल. जाणार कुठे?"

*

त्यानंतरच्या दिवशी संध्याकाळी जितेंद्र मोटारसायकल घेऊन गल्लीत शिरला, तर घरासमोर टेम्पो उभा होता आणि त्यात माणसं पायाने कापूस दाबत होती. ओट्यावर काटा टेकवून लीलाधरशेठ बसला होता. लीलाधरशेठ गावोगाव हिंडून दारात कापूस घेणारा व्यापारी; या दारात तो दरवर्षी सगळ्यात शेवटी येत असे, आणि तेही चपला न काढता, लवकर निघायच्या तयारीने.

"जितुभाऊ, तब्येत बरी आहे ना नानांची?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"का?"

"भाव विचारला नाही त्यांनी. मी म्हटलं तेवढ्याला हो म्हणाले. मला कसंतरीच झालं. मी आपणहून थोडा वाढवून दिला."

मधली खोली रिकामी होती. जमिनीवर सरकी आणि पाचोळा सांडला होता, आणि भिंतीशी निळी खोकी, इतक्या दिवसांत प्रथमच, सगळीच्या सगळी दिसत होती. ती वाटली होती तेवढी जास्त नव्हती.

नाना मागच्या पडवीत खाटेवर बसले होते. हात मांडीवर पालथे ठेवले होते.

"नाना, हे काय?"

"इकला."

"पण का? भाव तर अजून—"

"तू म्हनला नं, मी कधीच पहिल्या भावाले इकला नाही. खरंच हाये ते. मंग इकून पाह्यला. काही होत नाही. थोडं पोटात कसंतरी होते. चहा घेतला का बरं वाटते."

जितेंद्र उभाच राहिला.

"आता तू इक," नाना म्हणाले.

जितेंद्र गोठ्यापलीकडे गेला. तिथे मोबाइलला रेंज बरी मिळे. फोन लागला.

"प्रेमराज, टेम्पो पाठव."

पलीकडे धुळ्याच्या रस्त्याचे हॉर्न ऐकू आले. मग प्रेमराज म्हणाला, "दाजी… आज सकाळेच नाशिकहून माल उतरना. कॉलेजवाला मन्हा काउंटरवरच बसेल व्हता. मी काय करतू?"

"बरोबर आहे," जितेंद्र म्हणाला. "तू बरोबर केलंस."

"दुसरं गिऱ्हाईक दखतस ना आपण. महिना-दोन महिनामा—"

"नको. उद्याच घेऊन जा. दिवाळीला म्हणाला होतास त्या भावात."

"पडेल भावात? दाजी, आते तर तो—"

"घेतोस का?"

पुन्हा हॉर्न. "लेसू," प्रेमराज म्हणाला. मग जरा वेळाने, "खुर्ची शे तुम्हनी. मी तठे कोणले बसाडेल नही."

पडवीत परत आल्यावर जितेंद्र म्हणाला, "विकला, नाना."

"कोन्त्या भावाले?"

"चांगल्या."

नानांनी मान हलवली. मोहिनीने जितेंद्रपुढे पाण्याचा तांब्या ठेवला. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि चहा टाकायला आत गेली. चहा तिने सगळ्यांनाच केला, पण साखर फक्त त्याच्या कपात जास्त पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमराज स्वतःच टेम्पो घेऊन आला. खोकी चढत असताना नाना काठी टेकत बाहेर आले.

"काय रे प्रेमराज, महाग पडला का माल?"

प्रेमराजने जितेंद्रकडे पाहिलं. जितेंद्र दोरीची गाठ मारत होता, आणि ती गाठ आधीच मारून झालेली होती.

"इचारू नका, नाना," प्रेमराज म्हणाला. "लुटी टाकं मले दाजीनी. सख्खा मेव्हणाले लुटं."

नाना हसले. गल्लीतल्या दोघातिघांनी हे ऐकावं म्हणून त्यांनी प्रेमराजला तेच परत एकदा सांगायला लावलं. संध्याकाळपर्यंत असोद्यात अशी बातमी झाली होती की नथ्थूनानांच्या पोराने बरोबर वेळेला माल काढला आणि आता तो धुळ्याला दुकान वाढवतो आहे. जळगावचं दुकान त्याने सोडलं ते त्यासाठीच. जळगाव आता त्याला लहान पडतं.

सुमनबाईंनी मधली खोली झाडली, धुतली आणि त्याच दिवशी तिथे पाहुण्यांची खाट टाकली. पुढच्या आठवड्यात कापूस चढला. ती बातमी असलेलं पेपरचं पान नानांनी घडी करून पाणी तापवायच्या बंबात घातलं आणि आंघोळीचं पाणी नीट तापेपर्यंत तिथेच बसून राहिले.

*

धुळ्याला खुर्ची खरोखरच रिकामी होती. प्रेमराजने तिच्यावर नवी गादीही टाकली होती. पहिले दोन महिने जितेंद्रने बंद पडलेले कॉम्प्युटर उघडले, साफ केले, चालू करून दिले. निळा माल मागच्या माळ्यावर होता. त्याच्याबद्दल कोणी काही बोलत नसे. होळी झाली आणि प्रेमराजने कॉम्प्युटर मागे सरकवून पुढे कूलर मांडले. गिऱ्हाईक उंबऱ्यावर असतानाच तो म्हणू लागला, "शे!"

"दाजी, पाण्याचा पंप बसाडता येस का तुम्हले?" त्याने एकदा दबकत विचारलं.

"येतो," जितेंद्र म्हणाला. कठीण काही नव्हतं.

एप्रिलमध्ये त्याला एक कूलर घेऊन त्या कॉलेजात जावं लागलं. प्राचार्यांच्या खोलीत बसवायचा होता. काम झाल्यावर प्राचार्यांनी स्वतः उठून गार वारा घेऊन पाहिला, समाधान व्यक्त केलं आणि विचारलं, "मूळचे कुठले?"

"जळगावकडचा. असोदा."

"इथे कूलरचंच काम करता?"

"सध्या." जितेंद्रने पाने पिशवीत टाकले. मग म्हणाला, "तुमची नवी लॅब झाली म्हणे, सर. डिसेंबरात. पाहता येईल का?"

प्राचार्यांनी शिपायाला चावी द्यायला सांगितली. शिपायाने वरच्या मजल्यावरच्या एका खोलीचं कुलूप काढलं आणि दार ढकललं. कॉम्प्युटर आले तसेच पॅक होते, एकावर एक, पार खिडकीच्या वरपर्यंत.

"चालू कधी करणार?" जितेंद्रने विचारलं.

"फिटिंग व्हायचंय," शिपाई म्हणाला. खोलीत विजेचा एकही पॉइंट नव्हता.